‘रॅव्हेजर्स’मध्ये एकल्स्टनचा डॉक्टर फिका का वाटतो?

प्रश्न थोडक्यात असा: “ख्रिस्तोफर एकल्स्टनमुळे मी ‘डॉक्टर हू’च्या नादी लागलो. तो ‘बिग फिनिश’ या कंपनीच्या ऑडिओ मालिकेत परतला म्हणून ‘रॅव्हेजर्स’ मोठ्या हौसेने घेतली. आवाज तोच, उत्साह तोच, पण तिन्ही भाग संपले तरी मन भरलं नाही. नट थकलाय, की ऑडिओची ही मर्यादाच आहे, की मीच फार अपेक्षा ठेवली? तुम्ही नभोनाट्यं करता म्हणून विचारतो.”

नट मुळीच थकलेला नाही. माध्यमावर खापर फोडायचंही कारण नाही, आणि तुमच्या अपेक्षा रास्त होत्या. घोळ संहितेत आहे. नेमका कुठे, ते सांगतो. पण आधी हे प्रकरण माहीत नसलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी.

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका १९६३ साली सुरू झाली आणि १९८९ला थांबली. मध्ये १९९६चा एक टीव्हीपट सोडला तर शुकशुकाट. काळात प्रवास करणारा परग्रहवासी ‘डॉक्टर’ हा तिचा नायक. मरणाच्या दारात तो नवं रूप घेतो, म्हणून नट बदलत राहतात. मार्च २००५मध्ये ती नव्याने आली तेव्हा नववा डॉक्टर होता एकल्स्टन: काळं चामड्याचं जाकीट, बारीक कापलेले केस, उत्तर इंग्लंडची बोली. त्याने १३ भाग केले आणि जूनमध्ये निरोप घेतला. तो जाणार ही बातमी तर पहिला भाग दाखवून आठवडाही झाला नव्हता तेव्हाच फुटली होती. वरिष्ठांशी बिनसलं होतं, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं. २०१३च्या पन्नाशीच्या विशेष भागालाही तो आला नाही. त्यामुळे ऑगस्ट २०२०मध्ये ‘एकल्स्टन परत येतोय, ऑडिओत’ अशी घोषणा झाली, तेव्हा लोकांचा विश्वास बसेना. मे २०२१मध्ये ‘रॅव्हेजर्स’ आली. लेखन आणि दिग्दर्शन दोन्ही निकोलस ब्रिग्ज यांचं.

आता आवाजाबद्दल. २००५ला एकल्स्टन ४१ वर्षांचा होता, ‘रॅव्हेजर्स’ आली तेव्हा ५७ वर्षांचा. पडद्यावर ही सोळा वर्षं लपवता आली नसती. कानाला मात्र ती जवळजवळ कळत नाहीत. तीच खरखर, वाक्याच्या शेवटी तोच टोला, हसता हसता एकदम थंड होणारा तोच सूर. माझ्या कामात हे भाग्य क्वचित लाभतं. चाळिशीत गाजलेला नट साठीला माइकसमोर उभा राहतो तेव्हा दम पुरत नाही, दात बदललेले असतात, ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे वाजायला लागतात. एकल्स्टनच्या बाबतीत कच्चा माल अगदी शाबूत होता.

मग बिघडलं कुठे? त्यासाठी पडद्यावरचा त्याचा डॉक्टर कशावर उभा होता ते पाहू. २००५च्या दुसऱ्या भागात, ‘द एंड ऑफ द वर्ल्ड’मध्ये, एक प्रसंग आहे. जेब नावाची वृक्षवंशातली बाई डॉक्टरला सांगते, की तू कोण आहेस, कुठला आहेस हे मला कळलंय, आणि मला फार वाईट वाटतं. तो काही बोलत नाही. डोळ्यांत पाणी येतं, तो तिच्या हातावर हात ठेवतो, संपलं. त्याचा ग्रह, त्याची माणसं युद्धात नष्ट झालीत हे आपल्याला अजून नीट सांगितलेलंही नाही, तरी सगळं पोचतं. हे पूर्णपणे चेहऱ्याचं काम आहे. ऑडिओत हा प्रसंग असाच्या असा उचलून ठेवला तर नुसती शांतता ऐकू येईल आणि श्रोता ॲप अडकलं की काय म्हणून फोन बघेल.

आता दुसरा प्रसंग घ्या, ‘डेलेक’ नावाच्या भागातला. युटामध्ये जमिनीखालच्या खाजगी संग्रहालयात एक जखमी प्राणी साखळदंडांनी बांधून ठेवलाय. डॉक्टर त्याला मदत करायला म्हणून अंधाऱ्या कोठडीत शिरतो, मऊ आवाजात बोलतो. समोरून डेलेकचा, त्याच्या कट्टर यांत्रिक शत्रूचा, तो धातूचा आवाज येतो आणि हा भेदरून दार बडवायला लागतो. मग त्याच्या लक्षात येतं की डेलेकची बंदूक चालत नाहीये. त्यानंतर जो सूड त्याच्या आवाजात उतरतो तो ऐकून अंगावर काटा येतो. मऊपणा, भीती, क्रूर आनंद. मोजून काही मिनिटांत. हा प्रसंग डोळे मिटून ऐका, काहीही उणं पडत नाही.

ते साहजिकच आहे, कारण त्या भागाचं मूळच ऑडिओत आहे. रॉबर्ट शिअरमन यांनी बिग फिनिशसाठी ‘ज्युबिली’ नावाची ऑडिओ कथा लिहिली होती, २००३ साली. त्यातही एकटा, छळलेला, कैदेतला डेलेक आहे आणि त्याच्याशी बोलणारं माणूस आहे. टीव्हीवरचा ‘डेलेक’ हा भाग शिअरमन यांनीच त्या कल्पनेवरून बेतला. त्यात डेलेकचा आवाज कुणाचा होता? निकोलस ब्रिग्ज यांचा. म्हणजे एकल्स्टनच्या आवाजात किती ताकद आहे हे ब्रिग्ज यांनी समोर उभं राहून अनुभवलेलं होतं. म्हणून तर ‘रॅव्हेजर्स’ ऐकून मला जास्तच चुटपुट लागली.

त्या दोन्ही प्रसंगांत एक समान गोष्ट आहे: समोर कुणीतरी आहे, ते डॉक्टरला पहिल्यांदाच भेटतंय, आणि त्याच्यामुळे डॉक्टर उघडा पडतो. ऑडिओत तर पात्राला दुसरं शरीरच नसतं. ते दिसत नाही, त्याची सावली पडत नाही. दुसरं पात्र त्याच्याशी ज्या सुरात बोलतं त्यावरून श्रोता त्याची उंची, वय, दरारा सगळं ठरवतो. आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’ ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. टेकाडे भावजी कसे दिसतात हे कुणी पाहिलं होतं? पंत आणि मीनावहिनी त्यांच्याशी जे बोलत, त्यातून ते घराघरात तयार झाले.

‘रॅव्हेजर्स’ सुरू होते तेव्हा डॉक्टर ‘स्फिअर ऑफ फ्रीडम’ नावाच्या ठिकाणी आहे. माणसाला आत ओढून घेणाऱ्या खेळांचा तिथला धंदा तो बंद पाडायच्या बेतात आहे. सोबत नोव्हा आहे, यानाच्या मुदपाकखान्यात आचारी असलेली तरुणी. ऑड्री ही खलनायिका. म्हणजे पडदा वर जातो तेव्हा डॉक्टर आणि नोव्हा यांची ओळख होऊन गेलेली आहे, बेत शिजलेला आहे, आणि आपण मधल्याच स्टेशनावर चढलोय. पुढे काळाच्या भोवऱ्यांमुळे कथा मागेपुढे उड्या मारते, वॉटर्लूच्या लढाईपर्यंत जाते.

कथानक मधून सुरू करणं हे तंत्र म्हणून चांगलं आहे, मीही वापरतो. पण सोळा वर्षांनी माणूस दारात उभा आहे! श्रोत्याला त्याला भेटायचंय. तो आत कसा येतो, पहिला शब्द काय बोलतो, समोरचा त्याला बघून चपापतो की हसतो, हे हवंय. नोव्हा त्याला आधीपासून ओळखते म्हटल्यावर तिला चपापायचं कारणच उरत नाही, आणि ती चपापत नाही म्हणून आपणही नाही. कॅमिला बीपूटने नोव्हा चांगली केलीय, तिच्या वाटेला आलेलं काम मात्र बहुतेक वेळ ‘म्हणजे काय?’ आणि ‘आता काय करायचं?’ विचारायचं आहे.

त्या प्रश्नांची उत्तरं देतो कोण? डॉक्टर. भोवरे कसे तयार झाले, कोण कुठल्या काळात अडकलं, यंत्र बंद केलं तर काय होईल, सगळं त्याच्याच तोंडी. आमच्याकडे नवीन लेखक संहिता घेऊन येतात तेव्हा मी आधी एवढंच बघतो, की नायकाची किती वाक्यं माहिती देतात आणि किती वाक्यांत त्याला काहीतरी हवं असतं. माहितीची वाक्यं कितीही मोठ्या नटाला द्या, तो ती वेगाने आणि जोशात म्हणण्यापलीकडे काही करू शकत नाही. एकल्स्टन नेमकं तेच करतो. तुम्हाला जाणवलेला ‘तोच उत्साह’ हा आहे. तीन भाग, सगळे साधारण तासाभराचे, आणि बराचसा काळ सूर एकाच पट्टीत.

थोडं संहितेच्या पातळीवर उतरून दाखवतो. उदाहरण माझं आहे, मालिकेतलं नाही. नवखा लेखक लिहितो: “सांभाळ! त्या खांबातून निळ्या ठिणग्या उडतायत आणि तो तापत चाललाय, त्याला हात लावलास तर जळून जाशील!” यात सगळी माहिती आली, पण बोलणारा कुणीही असू शकतो. आता हे बघा:

“हात काढ.”

“काय?”

“खांबावरचा. हात. हळू.”

ठिणग्या ध्वनिसंयोजक दाखवेल, मागे एक बारीक चरचर पुरते. पण ‘हळू’ म्हणताना नटाला माइकजवळ यावं लागतं, आवाज खाली आणावा लागतो, आणि त्या एका शब्दात कळतं की हा माणूस घाबरलाय, आणि दुसऱ्यासाठी घाबरलाय. एकल्स्टनसारख्याला असे दहा ‘हळू’ मिळाले असते तर हा प्रश्न तुम्ही विचारलाच नसता.

इथे माइकवरच्या कामाबद्दलही बोलायला हवं. रंगभूमी किंवा पडद्यावरून आलेला नट पहिल्या दिवशी हमखास आवाज ढकलतो. चेहरा कामाला येणार नाही हे त्याला कळतं, म्हणून चेहऱ्याचं कामही तो घशाकडून करून घ्यायला जातो. हसू आलं की ते ऐकू जाईल इतकं मोठं, राग आला की आवाजमापकाचा काटा लाल पट्ट्यात. त्याचा यात दोष नसतो. त्याला कुणीतरी सांगायचं असतं, की हजार माणसं विसर, एका माणसाच्या कानात बोल. मी अशा वेळी दुसऱ्या नटाला त्याच्या माइकच्या अगदी समोर उभं करतो आणि कागदावरून नजर उचलायला लावतो. पाच मिनिटांत सूर बसतो. ‘रॅव्हेजर्स’मधलं एकल्स्टनचं हसणं मला बऱ्याच ठिकाणी असं ढकललेलं वाटलं. टीव्हीवर ते हसू रुंद असायचं आणि क्षणात मावळायचं. सगळी गंमत त्या मावळण्यात होती. कानाला मावळणं ऐकवायचं तर हसण्यानंतर वाक्य अर्धवट सोडावं लागतं, आणि संहिता त्याला कुठे थांबूच देत नाही.

लेखक आणि दिग्दर्शक एकच असले की हे जास्त होतं. स्टुडिओत काचेपलीकडे बसलेल्या माणसाचं अर्धं काम असतं ‘हे वाक्य नको, काढा’ म्हणणं. स्वतःचं वाक्य स्वतः कापणारे दिग्दर्शक असतात, पण फार थोडे. त्यात ब्रिग्ज हे या मालिकेचे जन्माचे भक्त. बिग फिनिशने १९९९ साली ‘डॉक्टर हू’च्या पहिल्या ऑडिओने सुरुवात केली तेव्हापासून ते तिथे आहेत. २०१७ला ‘द नाइन्थ डॉक्टर क्रॉनिकल्स’ काढल्या तेव्हा एकल्स्टन नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच निवेदन केलं आणि नवव्या डॉक्टरचा आवाजही काढला. एवढ्या भक्ताच्या दारी देव आला की तो सगळी पक्वान्नं एकाच ताटात वाढतो.

आणखी एक अडचण आहे, तिची चर्चा फार कमी होते. या ऑडिओ कथा घडतात २००५च्या पहिल्या भागाच्या आधी, म्हणजे रोज टायलर ही सोबतीण डॉक्टरला भेटण्यापूर्वी. टीव्हीवरच्या त्या १३ भागांचा सगळा प्रवास हाच, की युद्धातून होरपळून आलेला माणूस रोज टायलरच्या सोबतीने पुन्हा माणसांत येतो. मग त्याआधीच्या कथेत त्याला बरं होऊ देता येत नाही, कारण टीव्हीवर तो अजून जखमीच दिसतो. लेखकाचे हात बांधलेले. डॉक्टर बदलू शकत नसेल तर बदल पाहुण्या पात्रांत घडवायचा आणि डॉक्टर त्याला कारण होतो हे दाखवायचं, एवढी एकच वाट उरते. ‘रॅव्हेजर्स’ त्या वाटेला फारशी जात नाही.

जुनी उदाहरणं पाहिली तर हे अजून स्पष्ट होतं. कॉलिन बेकर हा सहावा डॉक्टर, टीव्हीवर बिचारा बदनाम झाला, १९८६ला बीबीसीने त्याला काढून टाकलं. २००० साली ‘द मेरियन कॉन्स्पिरसी’त त्याची गाठ घालून दिली एव्हलिन स्माइथशी. पंचावन्न वर्षांची इतिहासाची प्राध्यापिका, त्याला उलट उत्तर देणारी, त्याच्या बडेजावाला भीक न घालणारी. मॅगी स्टेबल्सने ती अशी केली की तिच्यासमोर कॉलिन बेकरचा तोच गर्विष्ठ डॉक्टर एकदम लोभस वाटायला लागला. आजही ऑडिओ ऐकणारे कित्येकजण त्याला आवडत्यांत धरतात. नट तोच, समोरचं माणूस बदललं.

पॉल मॅकगॅनला टीव्हीवर १९९६चा तो एकच चित्रपट मिळाला होता. २००१ला ‘स्टॉर्म वॉर्निंग’मध्ये तो परतला. कथा आर-१०१ या खऱ्याखुऱ्या, अजस्र फुग्यासारख्या ब्रिटिश हवाई जहाजावर घडते, जे ऑक्टोबर १९३०मध्ये कराचीला निघालं आणि फ्रान्समध्ये कोसळलं. सुरुवातीला डॉक्टर टार्डिसमध्ये, म्हणजे त्याच्या कालयानात, एकटाच असतो आणि जे जे दिसतं ते मोठ्याने स्वतःलाच सांगत बसतो. ऑडिओ कसा लिहू नये याचा तो नमुना म्हणून मी विद्यार्थ्यांना ऐकवतो. पण मग त्याला शार्ली पोलार्ड भेटते, पुरुष कारभाऱ्याच्या वेशात जहाजावर लपून चढलेली मुलगी. तिथून कथा जी उडते ती उडतेच. एक अनोळखी माणूस समोर आलं, बस.

टॉम बेकरचं मात्र एकल्स्टनसारखंच झालं. १९८१ला मालिका सोडलेला, १९८३च्या विशेष भागातही काम न केलेला हा सगळ्यात लाडका डॉक्टर, बिग फिनिशमध्ये थेट जानेवारी २०१२ला अवतरला. पहिली कथा ‘डेस्टिनेशन: नर्व्हा’, लेखक पुन्हा ब्रिग्ज. मला ती बेताचीच वाटली. मोठा नट परत आणायचा म्हणजे करार, तारखा, जाहिरात यात वर्षं गेलेली असतात, आणि पहिल्या कथेत कुणालाच धोका पत्करायचा नसतो. ओळखीचं सगळं थोडं थोडं घालायचं, नट खुश, ग्राहक खुश. बेकरच्या पुढच्या कथांत जीव आला. एकल्स्टनचंही तसंच झालं, म्हणून ‘रॅव्हेजर्स’वर थांबू नका असं मी आवर्जून सांगेन.

ऑगस्ट २०२१चा दुसरा संच ‘रिस्पॉन्ड टू ऑल कॉल्स’. आता एका लांबलचक कथेऐवजी तीन सुट्या कथा आणि तीन वेगळे लेखक. त्यातली टिम फोली यांची ‘फ्राइट मोटिफ’ आधी ऐका. महायुद्धानंतरचं पॅरिस, सूर हरवलेला एक संगीतकार, आणि त्याच्या मागे लागलेलं काहीतरी. भीती आणि संगीत एकत्र आले म्हणजे ही कथा कानासाठीच जन्मली, पडद्यावर तिची अर्धी मजा जाईल. इथे एकल्स्टनला हळू बोलायला मिळतं.

त्यानंतर नोव्हेंबरच्या ‘लॉस्ट वॉरियर्स’ संचातली जॉन डॉर्नी यांची ‘मॉन्स्टर्स इन मेट्रोपोलिस’. १९२५चं बर्लिन, फ्रिट्झ लँगच्या ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटाचं चित्रीकरण चालू आहे, आणि त्यातल्या यंत्रमानवाच्या जागी चक्क एक सायबरमॅन, डॉक्टरचा यंत्र होऊन गेलेला जुना शत्रू, उभा आहे. मूकपटाच्या सेटवर घडणारं श्राव्य नाटक, ही खोडीच मुळात झकास. कैदेतल्या शत्रूसमोर उभा असलेला नववा डॉक्टर म्हटल्यावर युटातली ती कोठडी आठवल्याशिवाय राहत नाही, पण डॉर्नी त्याची नक्कल करत नाहीत. माझ्या मते एकल्स्टनचं ऑडिओतलं खरं पुनरागमन हे. ‘रॅव्हेजर्स’मध्ये जो सूर शोधत होतात तो इथे आहे.

फेब्रुवारी २०२२च्या ‘ओल्ड फ्रेंड्स’मध्ये ब्रिगेडिअर, डॉक्टरचा जुना लष्करी मित्र, येतो. मूळ नट निकोलस कोर्टनी २०११ला गेले, आवाज जॉन कल्शॉ यांनी काढलाय. टीव्हीवर ब्रिगेडिअर आणि नववा डॉक्टर यांची कधी भेटच झाली नाही, त्यामुळे जुन्या मित्राला नवा चेहरा ओळखायला लागणं हे नाट्य आयतं मिळतं आणि लेखक रॉय गिल ते वाया घालवत नाहीत.

या कथा ऐकताना एक करा: गाडी चालवताना किंवा लोकलच्या गर्दीत नको, हेडफोन लावून ऐका. ‘रॅव्हेजर्स’ रहदारीतही ऐकू जाते, कारण तिथे सगळेच मोठ्याने बोलतात. ‘मॉन्स्टर्स इन मेट्रोपोलिस’मधली जी वाक्यं महत्त्वाची आहेत ती एकल्स्टनने जवळजवळ पुटपुटली आहेत, आणि रिक्षाच्या आवाजात ती पहिली जातील.